साबणाला घाई चालत नाही

तुमच्या १३व्या शतकातल्या कथेचं साबणाचं प्रकरण वाचलं. नायिका सकाळी चरबी वितळवते आणि दुपारी सुगंधी वडीने अंघोळ करते, तिथे मी अडखळलो. तेव्हाच्या उत्तर युरोपात लाकडाच्या राखेतून क्षार काढत आणि तो चरबीत मिसळत. त्याचा साबण व्हायचा मऊ, लिबलिबीत. मडक्यात भरायचा आणि मुख्यतः कपड्यांना, लोकरीला वापरायचा. कडक वडी म्हणजे ऑलिव्ह तेल आणि खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. ते काम दक्षिणेकडचं, शिवाय महाग.

कथा संथ आहे ना, मग राखेच्या पिंपापाशीच रेंगाळा. तळाशी पेंढा, वरून ओतलेलं पावसाचं पाणी, खाली थेंब थेंब गळणारा चहाच्या रंगाचा क्षार (हे कथेत लिहू नका, तिथे चहा नाही!). त्यात अंडं सोडायचं. नाण्याएवढा भाग वर तरंगला की जोर पुरेसा. मग चरबीचा वास, हातावरचे चट्टे.

आणि 'तेव्हा कुणी अंघोळच करत नसे' हे वाक्य काढाच. १२९२च्या पॅरिसच्या करयादीत स्नानगृहवाले आहेत. जेवणाआधी हात धुणं हा रिवाज होता. बाकी स्वच्छतेची भिस्त अंगालगतच्या लिननच्या सदऱ्यावर. तो कुंपणावर वाळत घाला. नायिकेचं स्वच्छतेवरचं भाषण आपोआप गळेल.