वाचकांचे प्रश्न : क्रॉसबो, काळे अस्वल आणि पहिली एकट्याची शिकार

प्रश्न : माझे आईवडील मुलुंडला राहतात आणि आपला अंक मला नियमित पाठवतात. मी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, थंडर बे येथे नोकरीनिमित्त स्थायिक आहे. शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी आउटडोअर्स कार्ड व अस्वलाचा परवाना घेतला असून येत्या मे महिन्यात क्रॉसबो (बंदुकीसारखे धरून घोडा ओढून सोडायचे आडवे धनुष्य) घेऊन काळ्या अस्वलाच्या शिकारीस जाण्याचा विचार आहे. वाटाड्याचे शुल्क मला परवडणारे नाही आणि ओळखीत कोणी अनुभवी शिकारीही नाही. क्रॉसबो विकणाऱ्याने 60 मीटरपर्यंत नेम धरण्यास हरकत नाही असे सांगितले आहे. पहिल्या खेपेस मी काय सांभाळावे?

उत्तर : आपण शेवटी लिहिलेल्या 60 मीटरपासूनच सुरुवात करतो, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्या एका आकड्यातून उभ्या राहतात. विक्रेत्याचे म्हणणे फोमच्या स्थिर लक्ष्यापुरते खरे आहे. आजचा चांगला क्रॉसबो बोल्टला, म्हणजे त्याच्या आखूड बाणाला, सेकंदाला सुमारे 110 मीटर वेग देतो आणि टेकूवरून सोडलेला बोल्ट 60 मीटरवरही ठरल्या जागी लागू शकतो. परंतु ते अंतर कापण्यास त्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी अस्वलाच्या कानी पोहोचतो आणि तेवढ्या अवधीत अस्वलाने नुसते एक पाऊल टाकले तरी फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात जातो. 20 मीटरवर हाच अवधी सेकंदाचा पाचवा हिस्साही नसतो. म्हणून पहिल्या शिकारीसाठी 25 मीटर ही मर्यादा आजच ठरवावी, बसण्याच्या जागेपासून तेवढे अंतर रेंजफाइंडरने मोजून तेथील एखादे झाड किंवा दगड लक्षात ठेवावा आणि त्याच्या पलीकडे अस्वल कितीही मोठे दिसले तरी बोल्ट सोडू नये.

मी इतका आग्रह धरतो त्याला कारण आहे. बंदुकीची गोळी आपल्या धक्क्यानेही मोठी इजा करते. बोल्ट मात्र पात्याच्या धारेने रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे कापतो व जनावर रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर अस्वल थोड्याच सेकंदांत कोसळते, पण तोच बोल्ट वीतभर मागे लागला तर ते तासन्‌तास वेदनेत फिरते आणि पुष्कळदा सापडतही नाही. त्यातच अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो जखमेचे तोंड बुजवतो आणि जे रक्त बाहेर येते ते दाट केस शोषून घेतात. हरणाच्या मागावर जसे रक्ताचे ठिपके मिळतात तसे येथे मिळतील असे समजू नये. बोल्ट आरपार जाऊन खालच्या अंगाने बाहेर पडला तरच माग काढण्याजोगे रक्त जमिनीवर येते.

नेम कोठे धरावा, हे यावरूनच ठरते. अस्वल पूर्णपणे आडवे उभे असावे किंवा किंचित पाठमोरे, तिरपे असावे. आपल्याकडचा पुढचा पाय पुढे टाकलेला असावा. आणि बोल्ट त्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या आसपास लागावा. वसंतातील लांब केसांमुळे अस्वलाची बाह्यरेषा फसवी असते, तेव्हा केसांच्या कडेवरून अंदाज न करता प्रत्यक्ष शरीराचा विचार करावा. समोरून चालत येणाऱ्या, मान खाली घालून आपल्याकडे तोंड केलेल्या किंवा बसलेल्या अस्वलावर बोल्ट सोडू नये. खांद्याचे हाड आणि छातीचा पिंजरा तो अडवू शकतात. मचाण फार उंच असेल तर बोल्ट वरून तीव्र कोनात शिरतो आणि एकच फुप्फुस कापतो, म्हणून चार-पाच मीटरहून अधिक उंची मी सुचवणार नाही.

आता साधनाविषयी. ऑन्टारियोच्या नियमांनुसार अस्वलासाठी क्रॉसबोचे खेचबळ किमान 54 किलो, दोरीची खेच किमान 300 मिलिमीटर आणि ब्रॉडहेडची (बोल्टच्या पातीदार टोकाची) रुंदी किमान 22 मिलिमीटर असून त्यास दोन किंवा अधिक धारदार पाती असावी लागतात. बाजारातील बहुतेक क्रॉसबो या अटी सहज पूर्ण करतात, त्यामुळे अधिक वेगाच्या मागे लागण्याचे कारण नाही. हलक्या बोल्टपेक्षा जड बोल्ट आणि उघडझाप करणाऱ्या पात्यांपेक्षा स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड अस्वलासाठी भरवशाचे ठरतात. सरावाच्या टोकाने जमवलेला नेम ब्रॉडहेड लावल्यावर सरकतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. शिकारीस नेणार त्याच ब्रॉडहेडने, त्याच जाड जाकिटात आणि त्याच बैठकीत सराव करून दुर्बीण जुळवावी. सरावात वापरलेली पाती बोथट होतात, तेव्हा शिकारीसाठी नवी ठेवावीत.

क्रॉसबो शिकाऱ्यालाच इजा करतो तो बहुधा दोन प्रकारे. दोरी सुटताना अंगठा किंवा बोटे बोल्ट ज्यावर टेकतो त्या पट्टीच्या वर असली तर दोरी ती कापून नेते. आणि बोल्ट न लावता घोडा ओढला गेला तर सारी शक्ती परत धनुष्याच्या भुजांत जाऊन त्या फुटू शकतात. मचाणावर आणखी एक गोष्ट पाहावी : कठडा, फांदी किंवा दोर भुजांच्या मार्गात येता कामा नये. दोरी चढवताना नेहमी दोराचे साधन वापरावे, कारण त्यामुळे लागणारे बळ जवळपास निम्मे होते आणि दोरी मध्यभागी बसते. नुसत्या हाताने चढवलेली दोरी थोडी जरी बाजूला बसली तरी बोल्ट भलतीकडे जातो. दिवस संपल्यावर चढवलेली दोरी बऱ्याच क्रॉसबोंमध्ये हाताने सुरक्षितपणे उतरवता येत नाही. अशा वेळी सरावाचा बोल्ट लावून तो मऊ जमिनीत किंवा सरावाच्या लक्ष्यात सोडावा. दोरी चढवलेला क्रॉसबो घेऊन मचाणावर चढू-उतरू नये. तो रिकाम्या स्थितीत दोराने वर ओढून घ्यावा आणि स्वतः पूर्ण अंगाचा पट्टा बांधूनच चढावे. मचाणावरून पडणे हा या छंदातील खरा धोका आहे आणि एकट्या माणसाला तेथे उचलण्यास कोणी नसते.

आमिष लावून शिकार करणे ऑन्टारियोत कायदेशीर आहे आणि क्रॉसबो असलेल्या नवशिक्याला मी तीच पद्धत सुचवतो. हा सल्ला काही वाचकांस रुचणार नाही. परंतु आमिषापाशी अस्वल ओळखीच्या अंतरावर, बराच वेळ, शांतपणे उभे राहते. ते नर आहे की मादी, सोबत पिल्ले आहेत की नाहीत, हे निवांत पाहता येते. आमिष वस्तीपासून, सार्वजनिक इमारतींपासून 500 मीटर आणि सार्वजनिक रस्त्यापासून व आखलेल्या पायवाटेपासून 200 मीटर दूर ठेवावे लागते, हे ध्यानात असावे. मचाण अशा बाजूस बांधावे की संध्याकाळचा वारा आमिषाकडून आपल्याकडे येईल. अस्वलाचे नाक हेच त्याचे मुख्य इंद्रिय आहे आणि वारा उलटला असेल त्या संध्याकाळी जाऊच नये.

पिल्लांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. ऑन्टारियोतील वसंतातील शिकार 1999 मध्ये बंद झाली त्यामागे अनाथ होणाऱ्या पिल्लांचा प्रश्न होता. 2014 मध्ये ती काही भागांत प्रायोगिक स्वरूपात आणि 2021 पासून कायमची सुरू झाली, तीही 1 मे ते 15 जून या काळापुरती. या हंगामात पिल्लास किंवा पिल्ले असलेल्या मादीस मारणे गुन्हा आहे. मादी आमिषावर येताना पिल्लांना झाडावर किंवा झुडपांत मागे ठेवते आणि दहा-पंधरा मिनिटे ती दिसतही नाहीत. म्हणून एकटे दिसणारे मध्यम आकाराचे अस्वल आले की किमान अर्धा तास नुसते पाहत राहावे. मोठ्या नराचे कान डोक्याच्या मानाने लहान व दूरदूर दिसतात, पाय आखूड वाटतात आणि तो पुष्कळदा अंधार पडता पडता येतो; तरुण अस्वलाचे कान मोठे आणि पाय लांब दिसतात. आमिषापाशी 200 लिटरचे पिंप आडवे ठेवल्यास उंचीचा अंदाज चांगला येतो. तरीही शंका राहिली तर अस्वलाला जाऊ द्यावे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते, पण दाट जंगलात नेम धरण्यापुरता उजेड त्याच्या आधीच संपतो.

बोल्ट सुटल्यानंतरचा अर्धा तास मचाणावरच बसावे. अस्वल शेवटचे कोठे दिसले ते एखाद्या खुणेशी जोडून घ्यावे, घड्याळ पाहावे आणि कान देऊन ऐकावे. मरणारे अस्वल पुष्कळदा लांब, खोल आवाजात कण्हते आणि तो आवाज ऐकू आला तर काम झाले असे समजावे. तो आला नाही व बोल्टवर हिरवट घाण किंवा पोटाचा वास असेल, तर कित्येक तास थांबणे भाग आहे. जखमी अस्वल दाट अल्डरच्या झुडपांत दडते आणि क्रॉसबोची दोरी पुन्हा चढवण्यास अर्धे मिनिट लागते, हे दोन्ही एकत्र लक्षात घेतले म्हणजे एकट्याने माग का काढू नये ते कळेल. आपल्याजवळ अनुभवी शिकारी नाही असे आपण लिहिता. मग निदान एक परवानाधारक सोबती आधीच ठरवून ठेवावा, जो हाक देताच तासा-दोन तासांत पोहोचेल. थंडर बेसारख्या गावात स्थानिक शिकारी मंडळात असा माणूस मिळणे अवघड नाही. परवाना नसलेल्या मित्राला मात्र नेऊ नये, कारण तेथील कायद्यात जनावर शोधणे, त्याचा माग काढणे किंवा त्याची वाट पाहत बसणे हीदेखील शिकारच ठरते. कमरेला अस्वलाचा स्प्रे, खिशात उपग्रह संदेशयंत्र आणि घरी एका कागदावर जागेचा नकाशा असावा. मचाणाबाहेर असताना नारिंगी पोशाखाचा नियमही विसरू नये.

मांसाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. प्रौढ नर 120 ते 270 किलो भरतो आणि वाटाड्या नसला की कातडे काढणे, तुकडे करणे, ओढत आणणे हे सारे आपल्यालाच, आणि लवकर, करावे लागते, कारण चरबी व केसांमुळे शरीर थंड होत नाही व मे महिन्यात मांस काही तासांत बिघडते. रस्त्यापासून फार आत आमिष लावू नये ते यासाठीच. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात आणि उत्तरेकडील जाती गोठवूनही मरत नाहीत. 2022 मध्ये अमेरिकेतील एका कौटुंबिक मेळाव्यात सस्कॅचेवानहून आणलेले, 45 दिवस गोठवलेले अस्वलाचे मांस कबाबांत कच्चे राहिले आणि सहा जण आजारी पडले. त्यांतील दोघांनी मांस खाल्लेही नव्हते, मांसाबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. मांसाचा आतला भाग 74 अंश सेल्सियस झाल्याशिवाय ते ताटात घेऊ नये आणि घरी शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांची भांडी वेगळी ठेवावीत. हंगाम संपल्यावर अस्वल मिळाले नाही तरी शिकारीचा अहवाल भरणे बंधनकारक आहे.

प्रश्न : आपण अशा प्रश्नांना उत्तरे का देता? निरपराध जनावराला हौसेखातर मारण्यास मार्गदर्शन करणे आपल्या मासिकास शोभते काय? (गिरगाव)

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य नसला तरी त्याचा मला आदर आहे. ऑन्टारियो शासनाच्या अंदाजानुसार तेथे 85,000 ते 1,05,000 काळी अस्वले आहेत आणि शिकार परवान्याने मर्यादित केलेली आहे. जो माणूस परवाना काढून जाणारच आहे, त्याने चुकीच्या अंतरावरून बोल्ट सोडू नये, यासाठी मी लिहितो. उत्तर न दिल्याने त्या अस्वलाचे भले होणार नाही. आपल्याकडची स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाण्याच्या जंगलातील अस्वल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे आणि त्याबाबत या सदरात कोणतेही मार्गदर्शन मिळणार नाही.

प्रश्न : मलाही क्रॉसबो शिकायचा आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या बाजूस मोकळी जागा आहे, तेथे फळीवर सराव केला तर चालेल का? (बोरिवली)

उत्तर : चालणार नाही. वर सांगितलेल्या वन्यजीव कायद्यानुसार धनुष्यबाण हेसुद्धा शस्त्र आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ते घेऊन राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. आपला हेतू फळीवर नेम धरण्याचा असला तरी फरक पडत नाही. धनुर्विद्येच्या मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली साध्या धनुष्याने सुरुवात करावी.

प्रश्न : थंडर बेच्या वरील वाचकाचा मी भाऊ. शिकार झालीच तर त्याने अस्वलाची नखे किंवा कातडे मुंबईस आणावे, अशी वडिलांची इच्छा आहे. त्यात काही अडचण येईल का?

उत्तर : येईल. अमेरिकी काळे अस्वल साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याचा कोणताही भाग कॅनडाबाहेर नेण्यास तेथील निर्यात परवाना लागतो. आणि 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनंतर अशा वस्तू भारताच्या वन्यजीव कायद्याच्याही कक्षेत आहेत. सहार विमानतळावर सामानात परवान्याशिवाय नख सापडले तर ते जप्त होईल आणि कारवाईस तोंड द्यावे लागेल. पित्ताशयाचा तर विचारही करू नये. ते अस्वलापासून वेगळे करून बाळगणे ऑन्टारियोतच बेकायदेशीर आहे. वडिलांना छायाचित्रे पाठवावीत आणि कातडे तेथेच कमावून भावाने थंडर बेच्या घरी ठेवावे.