फाइल एकच, फोटो आठ

प्रश्न : आम्ही आठ हौशी फोटोग्राफर. दर महिन्याला एकानं आपली रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, प्रक्रिया न झालेली फाइल, सगळ्यांना द्यायची, प्रत्येकानं ती आपापल्या परीनं एडिट करायची आणि मोबाइलवर मतं टाकून पहिला नंबर काढायचा, असा आमचा खेळ. सुरुवातीला मजा यायची. हल्ली ज्याचे रंग भडक, त्यालाच मतं पडतात. गेल्या खेपेला माझा फोटो होता : खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवणारी माझी आजी. एकानं खिडकीबाहेर दुसरंच आभाळ बसवलं आणि तोच पहिला आला! मी गप्प बसले, पण मनाला लागलं. त्यात आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात, एडिटिंग म्हणजे मुळात लबाडीच. हा खेळ चालू ठेवावा का? सगळे फोटो आणि मूळ फाइल सोबत पाठवतेय.

उत्तर : खेळ चालू ठेवाच, मतदान मात्र बंद करा.

मूळ फाइल पाठवलीत हे फार बरं केलंत. सगळे फोटो शेजारी शेजारी लावून मी बराच वेळ पाहत बसले होते. तुमच्या फोटोत उजेड येतो तो फक्त खिडकीतून. आजीचा अर्धा चेहरा अंधारात आहे आणि तिच्या बोटांमधला दोरा मागून उजेड पडल्यामुळे चमकतोय. जेमतेम दोन-तीन पिक्सेल जाडीची ती रेघ, पण सगळा फोटो तिच्यावर उभा आहे. एकानं शॅडोचा स्लायडर पार टोकाला नेलाय. मागचं कपाट दिसायला लागलं, खुंटीवरचे कपडे दिसायला लागले आणि दोरा गेला! मागे काळोख होता म्हणून तो चमकत होता. दुसऱ्या एकीनं अंधाराला हातच लावला नाही. खिडकीचे हायलाइट तेवढे खाली आणले आणि दोऱ्याभोवती अगदी थोडा उजेड वाढवला. मला सगळ्यांत आवडलेला फोटो तो. त्याला तुमच्याकडे एकही मत पडलेलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

असं का होतं? मोबाइलवर बोटाएवढ्या आकारात, एका नजरेत आठ फोटो पाहिले की डोळा कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) आणि सॅच्युरेशनकडेच (रंगांच्या भडकपणाकडेच) धावतो. त्या आकारात दोरा दिसतच नाही. मग त्याच्यासाठी घेतलेली मेहनत कुणाला दिसणार?

कृष्णधवल करणाऱ्यानं चांगला विचार केला होता, पण रूपांतर करताना नारिंगी रंग फार उजळवला. त्वचेत लाल-नारिंगीच जास्त असतो, त्यामुळे आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या धुऊन निघाल्या. तोच स्लायडर थोडा खाली ओढून पाहायला सांगा, चेहरा परत येईल.

आता ते आभाळ. बाहेर संध्याकाळचा केशरी उजेड आणि आजीच्या गालावर मात्र ढगाळ दिवसाचा निळसर, मऊ उजेड, कडा नसलेल्या सावल्या. पाहणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. हे त्यांना जरूर सांगा, आणि तुम्हाला लागलं हेही सांगा. आठ जणांच्या गटात एवढं बोलता आलं पाहिजे. आभाळ, माणसं, वस्तू बदलायच्या की नाहीत, हे फाइल देणाऱ्यानं आधीच ठरवून द्यावं. आणि फोटो घरच्या माणसाचा असला तरी तो आठ जणांच्या हाती जाणार, हे त्या माणसाला विचारून घ्यावं. आजीला विचारलं होतंत ना?

तुमच्या ज्येष्ठांबद्दल. मी फोटोग्राफी डार्करूममध्ये शिकले. निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हात धरून, उजेड अडवून चेहरा उजळ ठेवायचा (डॉज), कोपऱ्यांवर जास्त वेळ उजेड पाडून ते गडद करायचे (बर्न), हे आमचं रोजचं काम होतं. डॉज आणि बर्न ही नावं तिथूनच सॉफ्टवेअरमध्ये आली. त्याच्याही मागे जा. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. फोटो टिपायच्या तेव्हाच्या काचा निळ्या उजेडाला फार संवेदनशील असल्यानं आभाळ पांढरं फटक यायचं. म्हणून समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह जोडून त्यानं प्रिंट काढले. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या वाटेवर होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतकारानं लिहून ठेवलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो म्हणायचा. १९४१मध्ये त्यानं न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्याचे सुरुवातीचे प्रिंट पाहिले तर आभाळात फिकट ढगांच्या रेघा आहेत. नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह तीच, माणूस तोच! बातमीच्या फोटोचं वेगळं, तिथे काही घालायचं किंवा काढायचं नसतंच. तुमचा खेळ बातमीचा नाही.

मतदानाऐवजी काय, तर फाइल उघडल्यावर एकाही स्लायडरला हात लावायच्या आधी प्रत्येकानं एक वाक्य लिहावं : या फोटोत मला काय दाखवायचंय. मग एडिटिंग. जमाल तेव्हा एकाच मोठ्या स्क्रीनवर आधी मूळ फोटो, मग एकेकाचा फोटो आणि त्याचं वाक्य. जे लिहिलं ते दिसतंय का, एवढंच बोलायचं. ज्याचा मूळ फोटो त्यानं सगळ्यांत शेवटी बोलावं, नाहीतर बाकीचे त्याच्याच सुरात सूर मिसळतात. आणि कुणी काय केलं ते उघड करून दाखवावं, क्रॉप कुठे केला, कर्व्ह (उजेड-अंधार ठरवणारी रेघ) कशी वाकवली. सगळ्यांचं सॉफ्टवेअर एकच असेल तर रॉसोबतची एक्सएमपी फाइल (केलेल्या बदलांची नोंद ठेवणारी छोटी फाइल) दिली की सगळे बदल पाहता येतात. वेगवेगळं असेल तर तोंडी सांगावं लागेल, आणि तेच जास्त शिकवून जातं.

प्रश्न : गटात माझ्या एकट्याकडे कॉम्प्युटर नाही, मी मोबाइलवर एडिट करतो. मला जेपेगच द्या म्हणून सांगू का?

उत्तर : नका सांगू. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला भाग उजळताना किंवा आभाळाचा रंग ओढताना जेपेगमध्ये पट्टे उमटतात आणि तुमचा दोष नसताना फोटो बिघडतो. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये डीएनजी फाइल (रॉचाच एक प्रकार) उघडते, तेव्हा ती मागून घ्या. एडिट करताना रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद ठेवा. नाहीतर रात्री अंथरुणात छान वाटलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर निळा दिसेल आणि त्यातला उजेडही चुकलेला वाटेल.