सासरे मिलिटरी पोलिसात होते. त्यांची ट्रंक मुंबईतल्या संग्रहालयाला द्यावी की बंगळूरला पाठवावी?

बंगळूरला. कोअर ऑफ मिलिटरी पोलीस, म्हणजे सैन्यातली शिस्त आणि वाहतूक सांभाळणारं दल, त्याचं सेंटर अँड स्कूल तिथेच आहे, आधी त्यांना पत्र लिहा. मुंबईतल्या मोठ्या संग्रहालयात एका हवालदाराचा पट्टा बहुतेक गोदामातच राहील.

पण पाठवायची घाई करू नका. मी संग्रहालयात वस्तूंच्या नोंदीचं काम करते. तुम्ही लिहिलंय की सासरे ७१च्या युद्धात पूर्वेकडे होते आणि अजून छान बोलतात. मग आधी त्यांना बोलतं करा, ट्रंक कुठे पळून जात नाही.

नगरच्या टँक म्युझियममध्ये रणगाडा समोर दिसला की पोरांना काही समजावून सांगावं लागत नाही. मिलिटरी पोलिसाचं मागे काय उरतं? शिट्टी, पांढरा पट्टा, फार तर वाटेत ठोकलेली बाणाची पाटी. गाड्यांचा ताफा पुलावर न अडकता पलीकडे गेला की त्याचं काम झालं, आणि न झालेल्या गोंधळाची आठवण कोणी ठेवत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याला शरणागतीवर सही होतानाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर सुमारे ९३ हजार कैदी सांभाळायचे होते. पहारा, मोजदाद, ने-आण, या सगळ्यात मिलिटरी पोलीसही होते. रांगेतल्या कैद्यांना पाणी कसं दिलं, भाषेची अडचण कशी निभावली, हे सासऱ्यांना विचारा. ते ट्रंकेत सापडणार नाही.

आणखी एक. फौजेत या लोकांवर कुणाचं फारसं प्रेम नसतं! सुट्टीवर निघालेल्या जवानाला स्टेशनवर हटकणारा लाल टोपीवाला कोणाला आवडेल? त्यामुळे दुसऱ्यांच्या आठवणींत तो आला तरी खलनायक म्हणून येतो. त्याची बाजू त्यानेच सांगायला हवी. कोअर १९३९ सालची, म्हणजे सुरुवातीची माणसं आता भेटणं अवघड. उलट ८ मे २०२१ला बंगळूरहून ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यांच्या आठवणी आत्ताच टिपून ठेवता येतील. संग्रहालयाने हेही करायला हवं, असं मला वाटतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. एक एक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. "सांगा ना काहीतरी" म्हटलं की माणूस युद्धाचा इतिहास सांगायला लागतो. हातात शिट्टी असली की कुठला चौक, कुठला पाऊस, ते आठवतं.

फोटोंचं थोडं सांगते. मिलिटरी पोलिसांच्या दंडावर काळी पट्टी असते आणि तिच्यावर लाल रंगात 'एमपी' अशी इंग्रजी अक्षरं. जुन्या कृष्णधवल फोटोत ती लाल अक्षरं काळ्यात मिसळून जातात, लाल टोपीही काळपट दिसते. पांढरा पट्टा आणि खांद्यावरची पांढरी दोरी यांवरून ओळखा. कोण कुठे उभं आहे ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा, बॉलपेन नको. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मुंबईच्या दमट हवेत घरोघरी लोक तेच करतात, पण एकदा चिकटलेलं प्लास्टिक फोटोला धक्का न लावता निघत नाही. वर्दी धुऊ नका, पितळ घासू नका. धुतलेल्या जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

झाकणावर नाव-नंबर रंगवलेला असेल तर ती ट्रंकसुद्धा द्यायची वस्तू आहे, खरवडून नव्याने रंगवू नका.

देताना वस्तूवार पोचपावती घ्या, आणि हे कायमचं दान आहे की काही काळापुरतं दिलंय ते लेखी असू दे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे मूळ कागद मात्र घरीच ठेवा. पुढे सासूबाईंना फॅमिली पेन्शनसाठी लागतील. संग्रहालयाला झेरॉक्स पुरते.