जुन्या लेन्स लगेच विकू नकोस
अरे, निकॉनचा नवा मिररलेस कॅमेरा, म्हणजे झेड बॉडी घेतलीस म्हणून जुन्या निकॉन लेन्स घाईने काढू नकोस. जुन्या कॅमेऱ्यांच्या एफ माउंटपासून (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपर्यंत अंतर 46.5 मिमी, झेडचं 16. मधली जागा एफटीझेड अडॅप्टर भरतो. स्वतःची फोकस मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स त्यावर बिनधास्त चालतात. तुझी 50 मिमी लेन्स मात्र जुन्या 'डी' प्रकारची असेल तर ऑटोफोकस विसर, तिच्यात मोटरच नाही, आणि अडॅप्टरमध्येही नाही.

सेकंडहँड लेन्स घ्यायला मुंबईत फोर्टात गेलास तर लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मार. कोळिष्टकासारखे धागे दिसले की बुरशी. कितीही स्वस्त असो, नकोच. माझी 85 मिमी अशीच एका पावसाळ्यात कपाटात बुरशी लागून वाया गेली, तीही चामड्याच्या पाउचमध्ये! आता घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल.