दिवाळीचा डबा, उचल आणि ब्रेकची पिन

परवा पुन्हा एका पोराचा फोन आला आणि प्रश्न तोच, की मॅडम मी कंत्राटदाराच्या रोलवर आहे, कंपनीचं ते कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे कसं वागायचं ह्या नियमांचं पुस्तक, परमनंट लोकांसाठीच असतं ना, आणि समजा काही चुकीचं दिसलं आणि मी बोललो तर सोमवारी गेटवर माझा पंच बंद झालेला असेल का. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालन्याची एमआयडीसी, महिन्यातून दोन-तीन जण तरी हे घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडं येतातच. कुणाच्या सुपरवायझरनं न आलेल्या माणसांची हजेरी लावलेली असते, कुणाला भंगाराच्या गाडीचा वजनकाटा खटकलेला असतो. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकाची गोष्ट नीट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

पोरगा सत्तावीसचा, गेवराईकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इनवर्ड क्वालिटीला, म्हणजे बाहेरच्या सप्लायरकडून येणारा माल तपासायचा आणि पास की रिजेक्ट ते लिहायचं. पगार मात्र कंत्राटदाराकडून. आईबाप ऊसतोडीला जाणारे. त्याला माझ्याकडं घेऊन आले त्याचे दाजी, गारखेड्याच्या माझ्या छोट्या ऑफिसात, ऑगस्टमधे. सोबत आईपण होती, तीच बोलली, "ताई, लेकरू रातभर टक्क जागं राहतंय, जेवायला बसलं की उठून जातंय, लगीन ठरवावं म्हणलं तर आंगावर येतंय."

पहिल्या दोन भेटींत मी चुकले हे कबूल करते. तो म्हणाला कामाचं टेन्शन आहे, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल का नाही कळत नाही, आणि मीही ते तेवढंच धरलं. झोपेची पथ्यं सांगितली, श्वासाचा सराव दिला, छातीत धडधडतंय म्हणाला म्हणून आधी डॉक्टरांकडून ईसीजी करून घ्यायला लावला, तो नॉर्मल. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे मी प्रत्येकाला थेट विचारते, त्यालाही विचारलं. "नाही" म्हणाला पण म्हणायला दोन सेकंद घेतले. त्या दोन सेकंदांमुळं त्याला ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवलं आणि टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर त्याच्या आणि दाजींच्या, दोघांच्याही फोनमधे माझ्यासमोर सेव्ह करून घेतला. गोळ्यांनी थोडी झोप लागायला लागली, पण बाकी काहीच हललं नाही.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं की रात्री जाग आल्यावर करता काय. म्हणाला, मोबाइलवर अपघाताच्या बातम्या बघतो. बीड बायपासला अपघात, पैठण रोडला अपघात, आणि फोटो मोठा करून बघतो की गाडी कोणती आहे.

मी म्हणलं, गाडी कोणती ते कशाला?

मग तो रडला. पंधरा-वीस मिनिटं नुसता रडला.

झालं होतं असं, की गेल्या दिवाळीला एका सप्लायरच्या माणसानं डबा दिला, काजूकतली आणि आत चांदीचं नाणं. सगळ्यांनाच दिला होता, ह्याच्या वरच्यालाही. मग उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन निघालं, घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, ऑपरेशन फुकट झालं तरी बाहेरची औषधं, सोबतच्या माणसांचं खाणंपिणं, येणं-जाणं ह्यातच पैसे जातात, तेव्हा त्याच माणसानं न मागता वीस हजार आणून दिले, "सावकाश द्या हो, आपण काय परके आहोत का." आणि जूनमधे त्या सप्लायरचा ब्रेकच्या जोडणीत बसणाऱ्या पिनांचा लॉट आला. लाइन थांबायच्या बेतात, फोनवर फोन, आणि तो माणूस समोर उभा. ड्रॉइंगवर हार्डनेस, म्हणजे कडकपणा, 45 ते 50 एचआरसी (कडकपणाचं माप). ह्यानं पिन मशीनवर ठेवलीच नाही, खुर्चीत बसून पाच रीडिंग भरली, 47, 48, 46, 47, 48, आणि खाली सही. हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कडक करणं, नीट झालेली नसली तर पिन मऊ राहते आणि लवकर झिजते हे त्याला पाठ होतं, डिप्लोमात शिकलेला. लॉट गेला लाइनवर. कदाचित चांगलाही असेल. पण ते त्याला माहीतच नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं.

"मॅडम, ती लाच होती का?" हा त्याचा प्रश्न. वीस हजार तर उसने होते, नाण्याचं तर त्याच्या मनातही नव्हतं.

ती लाच आहे की नाही ह्यात मी शिरलेच नाही, कारण त्यात शिरलं की माणूस स्वतःचा वकील होतो. मी विचारलं, तुमचे वडील मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ पैसे, घेतात तेव्हा काय होतं? तो म्हणाला, काय होणार, सहा महिने त्याचे. आजारी असलं तरी फडात उतरावं लागतं, दुसऱ्या कारखान्याला जास्त भाव असला तरी जाता येत नाही. मी म्हणलं, आणि त्या दिवशी तुम्हाला ती पिन मशीनवर ठेवता आली असती का, तो माणूस समोर उभा असताना? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजी मी उचल घेतलेली." हे वाक्य माझं नाही, त्याचं आहे. गिफ्ट घ्यावं का नाही, किती रुपयांपर्यंत चालतं, हे विचारणाऱ्यांना मी आता हेच विचारते की उद्या त्याच माणसाचा माल परत पाठवायची वेळ आली तर तुमचा हात अडखळेल का.

त्या रात्री मलाच झोप नव्हती. क्लायंटचं बोलणं माझ्याकडंच राहतं हे मी पहिल्या दिवशी सांगते, आणि लगेच हेही सांगते की कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही तसा अपवाद आहे. पण कागदावरचा अपवाद वेगळा आणि समोर बसलेलं रडणारं पोरगं वेगळं. मी माझ्या सीनियरना फोन केला, अर्धा तास बोललो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून सरळ सांगितलं, की हे तुम्हीच कंपनीला सांगावं असं मला वाटतं, मी सोबत आहे, पण पिना रस्त्यावर असू शकतात तेव्हा महिनाभर वाट बघता येणार नाही.

दाजी आडवे आले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणाले, ते महामार्गाचे इंजिनिअर, सत्येंद्र दुबे, नाव गुप्त ठेवा म्हणून कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं, नाव फिरलंच, आणि 2003 मधे गयेत गोळ्या घातल्या. आता ह्याच्यावर मी काय बोलणार. काही होत नाही असं मी कुणालाच सांगत नाही, आणि असं सांगणाऱ्या समुपदेशकाकडं जाऊ पण नका. फक्त म्हणलं की आपल्याकडं प्रकरण एका लॉटचं आहे, आणि पहिली चूक ह्याची स्वतःची आहे, दुसऱ्याचं नाव घेण्याआधी स्वतःचं घ्यायचंय.

मग त्याला कंपनीचं ते पुस्तक आणायला सांगितलं. इंडक्शनच्या दिवशी सही केलेलं, इंग्रजीतलं, न वाचलेलं. (आपण सगळेच करतो, मी पण बँकेत करते.) मराठी प्रत कॅन्टीनच्या बोर्डवर लावलेली होती म्हणे, त्यानं फोटो काढून आणला, वर जेवणाचा मेनू चिकटवलेला. आम्ही ओळ न ओळ वाचली. "कंपनीसाठी काम करणारे कंत्राटी कर्मचारी, कंत्राटदार आणि पुरवठादार यांनाही लागू" असं दुसऱ्याच पानावर होतं. म्हणजे नियम त्याला लागू होता, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड घेतला जाणार नाही हे वचनही त्याला लागू होतं. इथं एक बारीक गोष्ट आहे ती नीट वाचा. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 177 खाली शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही ठराविक कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते, तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही हे बघावं लागतं, पण तिथं शब्द आहेत संचालक आणि कर्मचारी. कंत्राटी माणसाचं नाव तिथं वेगळं घेतलेलं नाही. म्हणून तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकात तुमचं नाव आहे का हे बघणं महत्त्वाचं. ह्याउलट कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चाच कायदा, त्यात कंत्राटदारामार्फत आलेली बाई सुद्धा स्पष्ट धरलेली आहे, तिथं "मी रोलवर नाही" हा प्रश्नच येत नाही, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते तेवढं लक्षात ठेवा.

त्याला निनावी कळवायचं होतं. मी विचारलं, त्या रिपोर्टवर सही कुणाची? त्याचीच. मग पाच मिनिटांत कळणार, आणि वर चोरून सांगितलं असं होणार. निनावी तेव्हा ठीक जेव्हा ती गोष्ट दहा जणांना दिसत असते.

आधी पैसे. वडील गावाकडून फोनवर म्हणाले मुकादमाकडून घेऊन देतो, तर हा म्हणाला नको दादा, एक उचल फेडायला दुसरी नको. दाजींनी दिले, कुरकुर करत. यूपीआयनं पाठवले, शेरा लिहिला "मे मध्ये घेतलेले उसने परत", म्हणजे तारखेसह नोंद राहिली. मग अर्ज. पहिला मसुदा चार पानी, त्यात सगळ्या जगाची गाऱ्हाणी, वरच्याला काय मिळालं तेही. मी म्हणलं जे डोळ्यानं पाहिलं तेवढंच, ऐकीव काढून टाका. शेवटी अर्धं पान उरलं, मराठीत. लॉट नंबर, तारीख, मी तपासणी न करता रीडिंग भरली, ह्या माणसाकडून हे घेतलं होतं, ते परत केलं, हा लॉट पुन्हा तपासावा. प्लांटच्या क्वालिटी हेडला हातात आणि पुस्तकातल्या तक्रारीच्या मेलवर त्याच दिवशी. कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडं आधी जाऊ नका हे मी सांगितलं, कारण तो तंबाखू चोळत म्हणणार, गप बस, आणि तो दिवस जाणार.

शिल्लक पिना होल्डवर गेल्या. तपासल्या तर काही मऊ निघाल्या, सगळ्या नाही. लाइनवर गेलेल्यांचं कंपनीनं काय केलं ते त्याला कुणी सविस्तर सांगितलं नाही, त्या तारखांच्या असेंब्ली परत उघडल्या एवढं त्यानं स्वतः पाहिलं. त्याला लेखी ताकीद मिळाली. तक्रारीमुळं काढलं नाही, खरं आहे, पण सप्टेंबरअखेर कंत्राट संपलं आणि पुढचं मिळालं नाही, त्याला कुणी सूड म्हणणार नाही आणि मला तो सूड वाटतो. सप्लायरचा तो माणूस अजून येतो-जातो असं ऐकलं. तीन आठवडे पोरगा घरी बसला, नंतर चिकलठाण्यात एका छोट्या वर्कशॉपमधे लागला, दोन हजार कमी पगारावर. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. अपघाताच्या बातम्या अजून बघतो का विचारलं तर म्हणाला, बघतो, पण फोटो मोठा करत नाही.

दसऱ्यानंतर आईबापाला ऊसतोडीच्या गाडीत बसवून तो माझ्याकडं आला, हातात पिशवी, गावाकडची सीताफळं. मी क्लायंटकडून काही घेत नाही, तसा बोर्डच आहे भिंतीवर, आणि तो त्या बोर्डाकडं बघत उभा राहून हसला, पहिल्यांदाच हसलेला पाहिला मी. म्हणाला, "मॅडम, माझं तुमच्याकडं आता कायबी काम राहिलं न्हाई, तरीबी वहीत लिहून घ्या." मी खरंच वहीत लिहिलं, तारीख, सीताफळं, सात. सहा बाहेर बसलेल्या लोकांत वाटली. सातव्या सीताफळाचे डोळे पार उघडलेले होते, ते संध्याकाळपर्यंत टिकलं नसतं, ते आम्ही दोघांनी तिथंच फोडलं.