प्रकल्पाला मार्गदर्शक कोण असावा?

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा परिसरात रस्त्यावर मासळी विकणाऱ्या महिलांसोबत मला प्रकल्प करायचा आहे. स्थानिक मार्गदर्शक म्हणून माजी नगरसेवकांना विनंती करावी, की वस्तीतील कोणाला?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : माजी नगरसेवकांची मदत अवश्य घ्या, नगरपरिषदेत कोणता अर्ज कोणत्या विभागाकडे जातो, हे ते नेमके सांगतील. मात्र मुख्य मार्गदर्शक म्हणून, विक्रेत्या महिला जिचा शब्द मानतात अशा ज्येष्ठ मासळीविक्रेतीलाच विनंती करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण बंदरावरचा लिलाव, उधारी, बर्फाचा खर्च आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दिवस यांचा परस्परसंबंध तिला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांपैकी एकतृतीयांश महिला असणे आवश्यक आहे. तुमच्या शहरात ही तरतूद कितपत अमलात आली आहे, येथूनच अभ्यासाला आरंभ करता येईल. मुलाखतींसाठी सकाळची विक्रीची वेळ टाळा, मार्गदर्शक महिलेच्या वेळेचे मानधन महाविद्यालयाकडून आधीच मंजूर करून घ्या आणि अहवाल सादर करण्यापूर्वी तो त्या महिलांना मराठीतून वाचून दाखवा.