प्रबंधात पीएचक्यू-९ या नैराश्याबद्दलच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत कुणाचे गुण १० च्या वर आले, तर 'नैराश्य आहे' असं लिहावं का?

नाही. 'नैराश्याची शक्यता, पुढील तपासणी आवश्यक' इतकंच लिहा. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे.

समजा, रात्रपाळी करणारी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. झोप, थकवा, भूक, एकाग्रता या चार प्रश्नांना तिने 'जवळजवळ रोज' म्हणून प्रत्येकी ३ गुण दिले, की १२ झालेच. पण पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे रस न वाटणं आणि उदास वाटणं, शून्य. तिला नैराश्य म्हणाल? म्हणून नुसती बेरीज न देता कुठल्या प्रश्नांनी ती वाढली हेही मांडा. निदान करायचंच असेल तर प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली क्लिनिकल मुलाखत हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मार्गदर्शकही कधीकधी सांगत नाहीत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याहून जास्त उत्तर आलं तर त्याच दिवशी त्या व्यक्तीशी बोलायला हवं. निनावी गूगल फॉर्मवर हे जमतच नाही. त्यामुळे संमतिपत्रातच काय करणार ते लिहा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या आणि शक्यतो फॉर्म समोर बसून भरून घ्या. नमुना छोटा झाला तरी चालेल.